बेसल सेल कार्सिनोमा: क्वचित पसरणारा कर्करोग आणि त्याचे उपचार

बेसल सेल कार्सिनोमा हा गौरवर्णीय लोकसमूहांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. बहुतेक रुग्णांत तो एका लहान शस्त्रक्रियेने कायमचा बरा होतो. मात्र फार थोड्या रुग्णांत तो लसीकाग्रंथी, फुप्फुसे किंवा हाडे यांत पसरतो आणि मग रोगाचे स्वरूप व उपचार दोन्ही बदलतात. हा कर्करोग क्वचित पसरतो, पसरल्यावर एका विशिष्ट औषधाला दाद देतो आणि काही काळाने तेच औषध निष्प्रभ होते. या तिन्ही गोष्टींचे मूळ त्याच्या पेशींच्या परावलंबनात आहे. आजूबाजूच्या ऊतीवाचून आणि एका ठरावीक रासायनिक संदेशावाचून या पेशी सहसा तग धरत नाहीत.

रोगाचे स्वरूप

त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी बेसल म्हणजे तळाच्या पेशींची एक ओळ असते. तेथे सतत नव्या पेशी तयार होतात आणि वर सरकत जातात. केसांच्या मुळांशीही अशाच पेशी असतात. या पेशींची वाढ अनियंत्रित झाली की बेसल सेल कार्सिनोमा उद्भवतो. सुरुवातीला तो मोत्यासारखी चकाकी असलेली छोटी गाठ, न भरणारी जखम किंवा वारंवार खपली धरणारा चट्टा अशा रूपात दिसतो. डब्लिनचे नेत्रशल्यचिकित्सक आर्थर जेकब यांनी 1827 मध्ये पापण्यांवर व चेहऱ्यावर होणाऱ्या अशा व्रणाचे वर्णन केले. हंगेरीचे विकृतिशास्त्रज्ञ एडमुंड क्रोम्पेखर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा संबंध तळाच्या पेशींशी जोडला. गाठ अतिशय सावकाश वाढते. पण उपचार न केल्यास ती खालचे स्नायू, कूर्चा आणि हाडही पोखरू शकते.

कारणे आणि आढळ

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पेशींच्या डीएनएमध्ये होणारे बिघाड हे या रोगाचे मुख्य कारण आहे. त्यामुळे नाक, पापण्या, गाल, कान, मान अशा उघड्या भागांवर तो अधिक आढळतो. मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. म्हणूनच ऑस्ट्रेलिया, युरोप व उत्तर अमेरिकेतील गौरवर्णीयांच्या तुलनेत भारतीयांमध्ये हा रोग पुष्कळच कमी दिसतो. सावळ्या त्वचेत मात्र गाठ बहुधा काळपट असते आणि तीळ किंवा चामखीळ समजून तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. भूजलातील आर्सेनिक हे आणखी एक कारण आहे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशाच्या बाधित भागांत दीर्घकाळ असे पाणी पिणाऱ्यांना उन्हापासून झाकलेल्या त्वचेवरही अशा गाठी होतात. पूर्वी घेतलेले किरणोपचार, दुबळी झालेली प्रतिकारशक्ती आणि काही आनुवंशिक विकार यांमुळेही धोका वाढतो.

दूरप्रसाराची व्याख्या

मूळ गाठीपासून सुटलेल्या पेशी रक्त किंवा लसीकेवाटे दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेथे वाढू लागल्या, तर त्याला दूरप्रसार म्हणतात. शेजारच्या ऊतीत गाठ सरळ घुसणे हा दूरप्रसार नव्हे. तो स्थानिक विस्तार होय. बेसल सेल कार्सिनोमाच्या दूरप्रसाराची पहिली नोंद बीडल्स यांनी 1894 मध्ये केली. पुढे बरीच वर्षे अशा नोंदींच्या खरेपणाविषयी वाद होत राहिले. 1951 मध्ये लॅटेस आणि केसलर यांनी त्यासाठी निकष मांडले. मूळ गाठ त्वचेतच असावी, दूरची गाठ तिच्यापासून सलग पसरलेली नसावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींची रचना सारखी दिसावी, हे त्यांचे सार आहे. वैद्यकीय साहित्यात दूरप्रसाराचे प्रमाण 0.0028 ते 0.55 टक्के इतके दिले जाते. यातील मोठे आकडे प्रामुख्याने विशेषोपचार केंद्रांतील आहेत, कारण गुंतागुंतीचे रुग्ण तेथेच एकवटतात.

प्रसार दुर्मीळ असण्याची कारणे

या गाठीतील पेशींचे पुंजके एका विशिष्ट संयोजी ऊतीने वेढलेले असतात. तिला आधारऊती म्हणता येईल. पेशी आणि आधारऊती यांच्यात वाढीसाठी लागणाऱ्या संदेशांची देवाणघेवाण अखंड चालू असते. व्हॅन स्कॉट आणि रायनर्टसन यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रुग्णाच्याच गाठीचे तुकडे त्याच्या त्वचेत दुसरीकडे रोपले. आधारऊतीसह रोपलेल्या पेशी टिकल्या; तिच्यावाचून रोपलेल्या पेशी कर्करोगाच्या रूपात वाढू शकल्या नाहीत. रक्तप्रवाहात शिरलेली पेशी बहुधा आधारऊतीपासून तुटलेली असते आणि फुप्फुसात किंवा हाडात तिला तसा परिसर मिळत नाही. याशिवाय गाठ सावकाश वाढते आणि तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून राहतात. त्यामुळे सुटून निघणाऱ्या पेशींची संख्याही मर्यादित राहते.

धोका अधिक असलेल्या गाठी

दूरप्रसार सरसकट कोणत्याही गाठीतून होत नाही. तो बहुतेक वेळा मोठ्या, खोल गेलेल्या आणि अनेक वर्षे राहिलेल्या किंवा उपचारांनंतर पुन्हा पुन्हा उद्भवलेल्या गाठींतून होतो. डोके व मान या भागांतील गाठी त्यांत अधिक असतात आणि रुग्णांमध्ये पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळते. मूळ गाठ दिसल्यापासून दूरप्रसार लक्षात येईपर्यंतचा काळ सरासरी नऊ वर्षे असल्याचे सांगितले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचनाही महत्त्वाची असते. काही गाठींच्या पेशी गोलसर पुंजक्यांत न राहता बारीक धाग्यांसारख्या ऊतीत शिरतात. अशा प्रकारांत धोका जास्त असतो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगाची लक्षणेही दाखवणारा मिश्र प्रकार, मज्जातंतूंभोवतीचा शिरकाव आणि रक्तवाहिन्यांतील शिरकाव या धोक्याच्या आणखी खुणा आहेत.

प्रसाराचे मार्ग

लसीकावाहिन्यांतून निघालेल्या पेशी प्रथम जवळच्या लसीकाग्रंथींत अडकतात. चेहऱ्यावरील गाठीच्या बाबतीत या ग्रंथी कानाजवळ, जबड्याखाली किंवा मानेत असतात. रक्तावाटे गेलेल्या पेशी मुख्यतः फुप्फुसांत व हाडांत आणि कधी यकृतात किंवा दूरच्या त्वचेत रुजतात. मज्जातंतूच्या आवरणालगत सरकत गाठ कवटीच्या तळापर्यंतही पोहोचू शकते. पण मूळ गाठीशी सलग असल्यामुळे हा विस्तार दूरप्रसारात गणला जात नाही. प्रसार लसीकाग्रंथींपुरताच मर्यादित असेल तर रुग्णाचे आयुर्मान तुलनेने बरेच अधिक असते. फुप्फुस किंवा हाडे बाधित झाल्यावर ते लक्षणीय घटते. पुढे सांगितलेली लक्ष्यवेधी औषधे येण्यापूर्वीच्या नोंदींत दूरप्रसारानंतरचे मध्यक आयुर्मान आठ महिने ते 3.6 वर्षे असे आढळते.

निदान

मूळ गाठीचे निदान बायॉप्सीने होते. दूरप्रसाराची शंका आल्यास सीटी स्कॅन किंवा पेट-सीटीने शरीराची पाहणी केली जाते. मज्जातंतूंलगतचा विस्तार पाहण्यासाठी एमआरआय अधिक उपयोगी ठरतो. केवळ प्रतिमेवरून निष्कर्ष काढला जात नाही; दूरच्या गाठीचीही बायॉप्सी घेऊन तिची मूळ गाठीशी तुलना करावी लागते. याचे कारण असे की फुप्फुसातील काही स्वतंत्र कर्करोगांच्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली बेसल पेशींसारख्या दिसतात. बेर-ईपी4 या प्रतिपिंडाचे रंजन बेसल सेल कार्सिनोमात बहुधा सकारात्मक येते आणि स्क्वेमस सेल कार्सिनोमात येत नाही. जनुकीय तपासणीत अतिनील किरणांमुळे होणाऱ्या बिघाडांचा वैशिष्ट्यपूर्ण नमुना सापडला, तर फुप्फुसातील गाठीचा उगम त्वचेत असल्याच्या निदानाला बळकटी मिळते. जुन्या शस्त्रक्रियेचा अहवाल आणि काचपट्ट्या जपून ठेवल्या असतील तर ही तुलना सोपी होते.

हेजहॉग संदेशमार्ग

या कर्करोगाच्या मुळाशी असलेला संदेशमार्ग प्रथम फळमाशीत सापडला. ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी 1980 मध्ये भ्रूणाची रचना ठरवणाऱ्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. त्यांतील एका जनुकात बिघाड असलेल्या अळ्यांचे अंग काटेरी दिसे, त्यावरून त्या जनुकाला हेजहॉग (काटेरी अंगाचा एक प्राणी) हे नाव मिळाले. या दोघांना एडवर्ड लुइस यांच्यासह 1995 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. माणसातही हा संदेशमार्ग आहे. पेशीच्या आवरणावरील पॅच्ड हे प्रथिन स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. हेजहॉगचा रेणू पॅच्डला येऊन चिकटला की हा दाब सुटतो, स्मूदन्ड सक्रिय होते आणि ग्ली प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन वाढीची जनुके चालू करतात. गर्भावस्थेत अवयव घडवण्यासाठी हा मार्ग अत्यावश्यक असतो. प्रौढ शरीरातील बहुतेक ऊतींत तो मंदावलेला असतो.

जनुकीय बिघाड आणि कर्करोग

रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ यांनी 1960 मध्ये एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात तरुणपणीच बेसल सेल कार्सिनोमाच्या अनेक गाठी, जबड्यात द्रवाच्या पिशव्या आणि बरगड्यांतील दोष आढळतात. या विकाराचे मूळ नवव्या गुणसूत्रावरील पॅच्ड जनुकाच्या बिघाडात असल्याचे 1996 मध्ये उघड झाले. त्यानंतर आनुवंशिकता नसलेल्या रुग्णांच्या गाठींची तपासणी झाली, तेव्हा त्यांतही बहुतांश वेळा पॅच्डमध्ये आणि काही वेळा स्मूदन्डमध्ये बिघाड सापडला. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो: हेजहॉगचा रेणू आलेला नसतानाही वाढीचा संदेश चालूच राहतो. अनेक कर्करोगांत वाढीचे मार्ग एकाहून अधिक असतात. येथे मुख्य भिस्त एकाच मार्गावर असते. त्यामुळे औषधासाठी स्पष्ट लक्ष्य उपलब्ध झाले.

एकाक्ष कोकरांचा धागा

स्मूदन्ड रोखता येते हे कळण्यामागे पशुवैद्यकातील एक संशोधन आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी दीर्घ तपासानंतर त्याचे कारण शोधले. गाभण मेंढ्यांनी गर्भावस्थेच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास वेराट्रम कॅलिफोर्निकम ही कुरणातील वनस्पती खाल्ली की हा दोष निर्माण होई. तिच्यातील कारक द्रव्याला सायक्लोपामिन म्हणतात. हेजहॉग जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या भ्रूणांतही 1996 मध्ये असाच एकाक्ष दोष दिसला, आणि सायक्लोपामिन हाच संदेशमार्ग अडवते हे 1998 मध्ये फिलिप बीची यांच्या गटाने दाखवले. ते स्मूदन्डला जखडते हे पुढे स्पष्ट झाले. सायक्लोपामिन स्वतः औषध म्हणून सोयीचे नव्हते. मात्र स्मूदन्डला रोखणारा अधिक योग्य रेणू शोधण्याची दिशा त्याने निश्चित केली.

विस्मोडेगिब आणि सोनिडेगिब

विस्मोडेगिब हे स्मूदन्डला रोखणारे पहिले मान्यताप्राप्त औषध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला जानेवारी 2012 मध्ये मान्यता दिली. 150 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज घ्यावी लागते. मान्यतेला आधारभूत ठरलेल्या एरिव्हान्स या चाचणीत दूरप्रसार झालेल्या 33 रुग्णांपैकी 30 टक्के रुग्णांच्या गाठी स्वतंत्र परीक्षणानुसार लक्षणीय आकसल्या. स्थानिक पातळीवर खूप वाढलेल्या, पण दूर न पसरलेल्या रोगात हे प्रमाण 43 टक्के होते. दूरप्रसाराच्या गटातील सर्व प्रतिसाद अंशतः होते. रोग पूर्णपणे नाहीसा झाल्याचे त्या गटात आढळले नाही. याच प्रकारच्या सोनिडेगिब या औषधाला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. मात्र ती स्थानिक पातळीवर वाढलेल्या रोगापुरती आहे, कारण दूरप्रसारात त्याचा प्रतिसाद अल्प होता. ही औषधे येण्यापूर्वी दूरप्रसारासाठी मान्यताप्राप्त असे कोणतेही औषध नव्हते.

दुष्परिणाम आणि दक्षता

प्रौढ शरीरातही काही ऊतींना हेजहॉग संदेशाची गरज असते आणि औषधाचे बरेच दुष्परिणाम तेथूनच उद्भवतात. केसांच्या मुळांचे वाढचक्र थांबते व केस गळतात. जिभेवरील रुचिकलिकांचे नूतनीकरण बिघडते व चव जाते. चव गेल्याने आहार घटतो, वजन उतरते आणि थकवा वाढतो. स्नायूंत वारंवार पेटके येणे हा सर्वाधिक आढळणारा त्रास आहे. हे त्रास जिवावर बेतणारे नसले तरी महिनोन्महिने चालू राहिल्याने अनेक रुग्ण उपचार मध्येच सोडतात. म्हणून काही रुग्णांत औषधाला मधूनमधून विश्रांती दिली जाते. सर्वांत गंभीर धोका गर्भाला असतो. कोकरांत दिसलेला दोष याच मार्गाच्या अडथळ्यातून आला होता. गर्भवतीला हे औषध पूर्णतः निषिद्ध आहे. विस्मोडेगिब थांबवल्यानंतरही स्त्रियांना 24 महिने गर्भधारणा टाळावी लागते आणि रुग्णाने तितकाच काळ रक्तदान करायचे नसते. पुरुष रुग्णांनाही संततिप्रतिबंधक साधन वापरण्याच्या सूचना दिल्या जातात.

औषधाला प्रतिरोध

एकाच मार्गावरील अवलंबित्वामुळे औषध प्रभावी ठरते. तो मार्ग पुन्हा खुला झाला की तेच औषध निरुपयोगी होते. स्मूदन्डच्या जनुकात नवा बदल झाला तर औषधाचा रेणू त्याला पूर्वीसारखा चिकटू शकत नाही. कधी बिघाड स्मूदन्डच्या पुढच्या टप्प्यावर होतो. तेव्हा ते रोखूनही वाढीचा संदेश पेशीकेंद्रात पोहोचतो. काही गाठींच्या पेशी स्वरूपच बदलून स्क्वेमस प्रकाराकडे झुकतात आणि हेजहॉगवरील अवलंबित्व सोडतात. दूर पसरलेल्या पेशींनी परावलंबनाचा एक बंध, म्हणजे आधारऊतीवरील अवलंबित्व, बहुधा आधीच तोडलेला असतो. दूरप्रसारात औषधाचा प्रतिसाद स्थानिक रोगापेक्षा कमी का मिळतो, हे समजून घेताना हा मुद्दा विचारात घ्यावा लागतो. बुरशीरोधक इट्राकोनाझोल स्मूदन्डला वेगळ्या जागी रोखते आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ग्लीवर परिणाम करते. दोन्हींचे प्रयोग झाले आहेत. पण ती प्रस्थापित उपचारांत मोडत नाहीत.

प्रतिरक्षा उपचार

अतिनील किरणांमुळे या कर्करोगाच्या पेशींत जनुकीय बदलांची संख्या प्रचंड असते. मानवी कर्करोगांत ती सर्वोच्च पातळीची मानली जाते. इतकी बदललेली प्रथिने शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेला परकी वाटायला हवीत. प्रत्यक्षात तिच्या टी पेशींवरील पीडी-1 हा ग्राही सक्रिय झाल्याने त्या निष्क्रिय राहू शकतात. पीडी-1 चा शोध क्योटोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. त्यांना जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासह 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सेमिप्लिमॅब हे प्रतिपिंड पीडी-1 ला अडवून टी पेशींना पुन्हा कार्यरत करते. हेजहॉगरोधक औषध निष्फळ ठरल्यावर किंवा ते देणे शक्य नसल्यास वापरण्यासाठी त्याला अमेरिकेत फेब्रुवारी 2021 मध्ये मान्यता मिळाली. 350 मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिली जाते. मान्यतेच्या वेळी दूरप्रसाराच्या 28 रुग्णांपैकी 21 टक्क्यांनी प्रतिसाद दिला होता. प्रतिसाद मिळालेल्यांत तो बराच काळ टिकतो, हे या उपचाराचे बलस्थान आहे. चेतवलेली प्रतिरक्षा यंत्रणा फुप्फुसे, आतडी, यकृत किंवा अंतःस्रावी ग्रंथींवरही हल्ला करू शकते. अवयवरोपण झालेल्या रुग्णांत रोपित अवयव नाकारला जाण्याचा धोका असल्याने निर्णय अधिक कठीण होतो.

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचार

नवी औषधे आली तरी जुन्या उपचारांचे स्थान कायम आहे. प्रसार थोड्या लसीकाग्रंथींपुरता असेल तर त्या शस्त्रक्रियेने काढून नंतर किरणोपचार दिले जातात. फुप्फुसात एखादीच गाठ असल्यास निवडक रुग्णांत तीही काढता येते. हाडातील गाठीमुळे होणारी वेदना किरणोपचारांनी कमी होते आणि हाड मोडण्याचा धोका असल्यास आधाराची शस्त्रक्रिया करावी लागते. सिस्प्लॅटिनवर आधारलेला रसायनोपचार 2012 पूर्वी मुख्य पर्याय होता. काही रुग्णांत त्याने गाठी आकसल्या, परंतु त्यावर मोठ्या तुलनात्मक चाचण्या झालेल्या नाहीत. अशा रुग्णांविषयीचे निर्णय त्वचारोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून घेणे श्रेयस्कर असते. रुग्ण इतके विरळ असतात की एकट्या डॉक्टरला त्यांचा पुरेसा अनुभव मिळणे कठीण असते.

मूळ गाठीवर वेळीच उपचार

दूरप्रसार रोखण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मूळ गाठ लहान असतानाच पूर्णपणे काढणे हा आहे. दोन सेंटिमीटरहून लहान आणि स्पष्ट कडांची गाठ भोवतालच्या चार मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढली, तर सुमारे 95 टक्के वेळा ती पूर्ण निघते. नाक, पापणी अशा नाजूक जागी किंवा पुन्हा उद्भवलेल्या गाठीसाठी फ्रेडरिक मोस यांनी विकसित केलेली शस्त्रक्रिया उपयोगी पडते. तीत एकेक थर काढून त्याच वेळी सूक्ष्मदर्शकाखाली सर्व कडा तपासल्या जातात. मोठ्या किंवा धोकादायक रचनेच्या गाठीनंतर त्वचेबरोबरच जवळच्या लसीकाग्रंथींची नियमित तपासणी आवश्यक असते. दूर पसरलेल्या रोगात आजची औषधे काही रुग्णांना काही काळ दिलासा देतात, पण तो समूळ नष्ट करू शकत नाहीत. लहान गाठ मात्र बहुधा एकाच शस्त्रक्रियेत बरी होते. त्यामुळे काही आठवड्यांत न भरलेली जखम, वारंवार रक्त येणारी खपली किंवा हळूहळू वाढणारी काळपट गाठ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून तिची बायॉप्सी करून घेणे, हाच या रोगावरील सर्वांत परिणामकारक उपाय आहे.